कुर्लीचे बीळ

पेडणे तालुक्यातील एका घरी आम्ही भेटीस गेलो होतो. घरच्या बाई स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून नुकत्याच उठल्या होत्या. डॉक्टरांनी करविलेल्या रक्ततपासणीत एक जन्मजात दोष निघाला होता. बीआरसीए-१ नावाच्या जनुकातला. चहा पुढे करीत त्यांनी विचारले, "हे मीच माझ्या मुलींना दिलं का? कुणाचं पाप हे?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "धाकटीचं लग्न ठरतंय. तिला आत्ताच सांगायला हवं का?"

यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी थोडे शास्त्र पाहू. आपल्या शरीरातील पेशीत डीएनएचा दुपदरी धागा असतो. उलगडला तर सुमारे 2 मीटर भरेल, आणि त्यावर आपल्या घडणीची अक्षरे. ही अक्षरे दगडी पाटीवर कोरल्यासारखी अढळ आहेत असा पुष्कळांचा समज होता. स्वीडनचे टॉमस लिंडाल यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले की तसे नाही. शरीरातल्या पाण्याने आणि उष्णतेनेच हा धागा झिजतो. एकेका पेशीत रोज हजारो इजा होतात. ऊन आणि तंबाखू त्यांत भर घालतात, पण काही न करता नुसते जगले तरी धागा झिजतोच.

तरीही आपण टिकतो, कारण दुरुस्ती करणारी प्रथिने रात्रंदिवस खपत असतात. एक पदर बिघडला तर समोरचा शाबूत पदर पाहून बिघडलेला भाग कापून नवा भरतात. या कामाचा उलगडा केल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन्ही पदर एकदम तुटले तर मात्र कठीण. तेव्हा एक उपाय म्हणजे तुटकी टोके घाईने जोडणे. त्यात काही अक्षरे गळू शकतात. दुसरा उपाय म्हणजे पेशी विभागण्यापूर्वी धाग्याची जी जुळी प्रत तयार होते ती शेजारी घेऊन अक्षरास अक्षर लावणे. बीआरसीएची प्रथिने या दुसऱ्या, काळजीच्या कामातली. आईबापांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागते. पण एखाद्या पेशीत तीही गेली की घाईचे टाकेच उरतात, चुका साठत जातात, आणि वर्षांनी रोग उभा राहतो.

शापोऱ्याच्या काठच्या लोकांस हे फार समजावून सांगावे लागू नये. तेथील खाजन शेती भरतीच्या पाण्याहून खाली असते. खारे पाणी अडवतो तो मातीचा बांध. त्या बांधात कुर्ल्या बिळे पाडतात. बांध एकदा घातला आणि झाले असे कधी होत नाही. दरवर्षी डागडुजी होते म्हणून तो उभा राहतो. बीळ पाहून कोणी शेतकऱ्याच्या आजोबांचे पाप शोधीत नाही. (आपल्या भाषेनेही या रोगाला खेकड्याचेच नाव दिले आहे.)

पण आजाऱ्याच्या उशाशी बसून मात्र आपण पाप शोधतो, आणि मंडळीतले लोकही यात मागे नाहीत. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला होता. प्रभूने त्या मनुष्याचे आणि त्याच्या आईबापांचेही पाप नाकारले, हे योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. शब्बाथशाळेत आपण तो धडा शिकवतो आणि दवाखान्यात विसरतो. त्या बाईंना आम्ही एवढेच म्हणालो, की जे तुम्हांला ठाऊक नव्हते, जे तुमच्या हाती नव्हते, त्याचा दोष तुमच्यावर नाही.

दुसरा प्रश्न वेगळा. आता ठाऊक झाले आहे. बीळ पाडले कुर्लीने हे खरे, पण ते पाहूनही, घरी मांडव घातला आहे म्हणून जो गप्प राहील, त्याला उधाणाच्या दिवशी कुर्लीकडे बोट दाखवता येणार नाही. प्रत्येक मुलीत हा दोष उतरण्याचा संभव निम्मा. उतरला असेल तर ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका शंभरांत सत्तरच्या आसपास. आधी कळले तर लवकर व वारंवार तपासणी करता येते, वेळेवर शस्त्रक्रियेचाही विचार करता येतो.

बाईंची भीती खोटी नव्हती. असे कारण कळताच सोयरीक मोडणारी माणसे आपल्यात आहेत, आणि आमच्या मते या गोष्टीतली खरी लाज त्यांची आहे. म्हणून आम्ही सांगितले, की तुमचे देणे मुलीला आहे, व्याह्यांना नाही. तिला लग्नाआधी सांगा. तपासणी करावी की नाही, आणि कोणाला काय सांगावे, हे तिचे तिला ठरवू द्या.

त्या बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला आईकडून आलं की बाबांकडून?"

आम्ही म्हणालो, दोघांपैकी कोणाकडूनही येऊ शकते. पुरुषांमधूनही ते पुढे जाते.

"म्हणजे डिचोलीला माझा भाऊ आहे त्यालाही सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "त्यालाही दोन मुली आहेत."

हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.