वेटरचे मोजे

इंग्लंडातल्या इप्सविच गावात टॅव्हर्न स्ट्रीटवर एक जुनी इमारत आहे. नाव 'ग्रेट व्हाइट हॉर्स'. आज तिथं मुक्कामाला जाल तर सामान घेऊन परत याल, कारण २००८ साली हॉटेल बंद पडलं आणि खाली दुकानं आली. पण एके काळी ही घोडागाड्यांची सराई होती. लंडनहून ७० मैल हाडं खिळखिळी करून घेत उतारू इथं पोचायचे. दर दहाएक मैलांवर घोडे बदलायचे. घोड्यांना विश्रांती मिळायची, उतारूंना नाही.

१८३५ साली एक तरुण वार्ताहर निवडणुकीच्या बातमीसाठी इथं उतरला. त्याचं नाव चार्ल्स डिकन्स. जेवण कसं मिळालं देव जाणे, पण पुढं १८३६-३७ मध्ये 'पिकविक पेपर्स' लिहिताना त्यानं नावगावासकट सगळं उट्टं काढलं. खोल्या अंधाऱ्या नि कोंदट, बोळ न संपणारे, जेवण वाईट, दारू त्याहून वाईट आणि बिल मात्र चोख! शिवाय बिचाऱ्या पिकविकसाहेबांना रात्री विसरलेलं घड्याळ आणायला खाली पाठवलं आणि परतताना वाट चुकवून एका प्रौढ बाईंच्या शयनगृहात नेऊन सोडलं. सभ्य गृहस्थाची अशी फजिती आणि तीही रात्रीची टोपी घालून!

एका मुक्कामाच्या जोरावर एखाद्याची कायमची बदनामी करावी का? मी सराईवाल्याच्या बाजूनं भांडायला निघालो होतो. पण १८४६ साली इप्सविचला आगगाडी आली, घोडागाड्यांचे दिवस भरले आणि सराईला तारलं कुणी? त्याच बदनामीनं! लोक 'पिकविकची खोली' बघायला येऊ लागले. गरम सूप आणि स्वच्छ चादरी देणाऱ्या सराया काय थोड्या होत्या? त्यांची नावं विचारा कुणाला! असलं मोबदल्याचं गणित मांडलं की नीतिशास्त्राचे मास्तरही खडू खाली ठेवतील. नुकसान झालेलाच जर खूष असेल, तर अन्याय झाला म्हणायचा कुणावर?

मला वाटतं, वेटरवर. हो, त्या पुस्तकात एक जाडा वेटरही आहे. त्याच्या काखेतला नॅपकिन पंधरवडाभर पाणी न लागलेला आणि पायातले मोजे नॅपकिनच्याच वयाचे. खऱ्या सराईत असा कुणी होता की नव्हता, कोण सांगणार? पण तिथं काम करणाऱ्या प्रत्येक वेटरच्या पायांकडे पुढं गिऱ्हाइकांनी वाकून पाहिलं असणार. मालकाला गिऱ्हाइकं मिळाली, डिकन्सला कीर्ती मिळाली, आपल्याला हसायला मिळालं. पण त्या वेटरला काय मिळालं? पगारवाढ मिळाली असेल, असं काही वाटत नाही.

आणि कुणी सांगावं, त्या पंधरवड्यात धोबीण आजारी असेल.