छताशी तरंगणारा ‘मी’

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात 43 वर्षांच्या एका महिलेच्या अपस्मारावर उपचार चालले होते. झटके मेंदूत नेमके कुठून उठतात हे शोधण्यासाठी डॉक्टर एकेका जागी सौम्य वीजप्रवाह देऊन पाहत होते. उजव्या मेंदूतल्या अँग्युलर गायरस या भागाला प्रवाह दिला, तेव्हा आपण गादीत खचतो आहोत, उंचावरून पडतो आहोत, असे तिला वाटले. प्रवाह थोडा वाढवला आणि ती म्हणाली, आपण वर छताजवळ आहोत, खाली पलंगावर आपलेच शरीर दिसते आहे. पण दिसत होते ते फक्त पाय आणि धडाचा खालचा भाग. पाय दुमडायला सांगितले, तर ते वेगाने चेहऱ्याकडे येत आहेत असे वाटून ती अंग चोरू लागली.

ओलाफ ब्लांक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. त्या दृश्यातला अर्धवटपणा फार बोलका आहे. खरोखरच कोणी देहातून निघून छताशी गेले असते, तर त्याला खाली चेहरा आधी दिसायला हवा होता.

आपण शरीराच्या आत आहोत, ही जाणीव इतकी सवयीची आहे की ती कोणी घडवत असेल अशी शंकाही येत नाही. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसणारे, त्वचेला लागणारे, सांध्या-स्नायूंकडून कळणारे आणि कानाच्या आतल्या भागाकडून मिळणारे तोलाचे भान मेंदू क्षणोक्षणी जुळवत असतो. ही जुळणी बिघडली की ‘मी’ची जागा सरकते.

त्यासाठी मेंदू आजारीच असावा लागतो असेही नाही. 2007 मध्ये हेन्रिक एरसन यांनी निरोगी माणसांच्या डोळ्यांसमोर छोटे स्क्रीन लावून त्यांना पाठीमागच्या कॅमेऱ्यांतून स्वतःचीच पाठ दाखवली. एका काडीने छातीला स्पर्श करायचा आणि त्याच वेळी दुसरी काडी कॅमेऱ्यांच्या खाली हलवायची, एवढीच युक्ती. थोड्याच वेळात आपण मागे, कॅमेऱ्यांच्या जागी बसलो आहोत असे त्यांना वाटू लागले. त्या रिकाम्या जागेवर हातोडा उगारला, तेव्हा भीतीने त्यांच्या हातांना घाम सुटल्याचे यंत्राने टिपले.

मग हृदय थांबल्यावर ‘वरून सगळे पाहिले’ म्हणणाऱ्यांचे काय? सॅम पार्निया यांच्या गटाने हा दावा मनापासून तपासला, ही कौतुकाची गोष्ट आहे. फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे फळ्यांवर ठेवून 15 रुग्णालयांतल्या 2060 हृदयबंद रुग्णांचा मागोवा घेतला गेला. 2014 मध्ये निष्कर्ष आले. पाहिल्याचे स्पष्ट आठवणारे रुग्ण दोनच निघाले आणि दोघांच्याही खोलीत फळी नव्हती. एकाचे वर्णन घडलेल्या प्रसंगाशी बरेच जुळले, हे मान्य केले पाहिजे. पण आसपासचे बोलणे-आवाज कानावर पडूनही असे चित्र मनात उभे राहू शकते. फळीवरचे चित्र मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

एवढ्यावर ‘हे सगळे थोतांड’ म्हणणारेही चूकच करतात. अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेला अर्थ तपासावा लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांना 1970 मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना असा दीर्घ अनुभव आला. आत्मा देहाबाहेर पडतो हे सिद्ध करायला त्या संशोधनात उतरल्या आणि वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर पुरावा नाही म्हणून त्यांनी मत बदलले. अनुभव मात्र कधीच नाकारला नाही.

लोक वेडे म्हणतील या धास्तीने कित्येक जण असे काही घडल्याचे डॉक्टरांनाही सांगत नाहीत, आणि तिथेच नुकसान होते. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ लोपेझ आणि माया एल्झिएर यांनी चक्कर येणाऱ्या 210 रुग्णांना थेट विचारले, तेव्हा 14 टक्क्यांनी शरीराबाहेर गेल्याचा अनुभव सांगितला. तेवढ्याच निरोगी माणसांत हे प्रमाण 5 टक्के होते. असा अनुभव सांगणाऱ्याला चक्कर येते का, झटके येतात का, झोपेतून उठताना अंग जखडते का, हे डॉक्टरांनी विचारायला हवे. तोलाचे भान कानाच्या आतूनही मिळते, म्हणून कानाची तपासणीही करून घ्यायला हवी.