स्टंपवरचे नाणे

शिवाजी पार्कवर सराव चालू असताना प्रशिक्षक रमाकांत आचरेकर स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. समोर फलंदाजीला सचिन तेंडुलकर. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे ते नाणे. तो शेवटपर्यंत टिकला तर त्याचे. अशी मिळवलेली १३ नाणी तेंडुलकरने जपून ठेवली आहेत. ही गोष्ट क्रिकेटमधल्या चिकाटीची म्हणून सांगतात. मला तिच्यात मुलांशी पैशाचा व्यवहार कसा करावा हे दिसते. अट आधी ठरलेली, नाणे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि ज्याचे त्याला त्याच दिवशी मिळणार याची खात्री. मुलगा टिकून राहायला शिकला, यात देणारा शब्दाचा पक्का होता याचा वाटा मोठा आहे.

संयम हा जन्मजात गुण, नसेल तर उपदेशाने रुजवायचा, असे आपण धरून चालतो. समोरची मिठाई लगेच न खाता थांबलास तर दोन मिळतील, असे मुलांना सांगणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगाने ही समजूत घट्ट केली. थांबणारी मुले पुढे सरस ठरतात, असा त्याचा अर्थ सर्वत्र पसरला. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९००हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा तो संबंध बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेताच आणखी विरला. सेलेस्ट किड यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्याहून बोलका आहे. तिथे मुलांना आधी चांगले रंगसाहित्य आणून देण्याचे वचन दिले आणि काहींच्या बाबतीत ते मोडले. ज्यांना दिलेले वचन पाळले गेले ती मुले मिठाईसमोर सरासरी १२ मिनिटे थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटे. मुले अवघी २८ होती, म्हणून आकड्यांवर फार भार टाकू नये. तरीही न थांबणाऱ्या मुलाने अनुभवावरून सरळ हिशेब केलेला असू शकतो, हे त्यातून कळते.

हा हिशेब आपल्या घरांतही होतो. भाऊबीजेची ओवाळणी, वाढदिवसाचे पाकीट, आजीने निघताना हातावर ठेवलेली नोट हे सारे ‘माझ्याकडे दे, ठेवते’ म्हणत आईच्या पर्समध्ये जाते आणि बहुधा घरखर्चात मिसळते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. मुलाच्या लेखी मात्र ठेवलेला पैसा म्हणजे गेलेला पैसा. पुढच्या वेळी ते दुकानाकडे धावते, तेव्हा आपण त्याला उधळे म्हणतो.

ज्यांच्या घरी शिल्लकच नाही त्यांचे काय, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागमधल्या कितीतरी कामगारांची हक्काची देणी वर्षानुवर्षे अडकली. त्या चाळींतल्या एखाद्या मुलाचा ‘नंतर’वर विश्वास बसला नसेल, तर दोष त्याच्या मनोनिग्रहाचा नव्हता. बचतीची शिकवण तुटपुंज्या कमाईची भरपाई करू शकत नाही. ती करते असे भासवणे हा गरिबांवर अन्याय आहे. शब्द पाळायला मात्र श्रीमंती लागत नाही. दहा रुपयांचा शब्दही पाळता येतो. दुसरा आक्षेप बक्षिसाचा: पैशाच्या आमिषाने मूळची गोडी मरते. प्रत्येक धड्याला, प्रत्येक कामाला दर लावला तर मरतेच. पण तेंडुलकरची जी नाणी कधी खर्चच झाली नाहीत त्यांना मजुरी म्हणता येणार नाही.

आज अडचण वाढली आहे, कारण पैसा दिसेनासा झाला. वडापावच्या गाडीवर फोन पुढे केला की काम होते. काय कमी झाले ते मुलाला कळत नाही. म्हणून लहानपणी रोख पैसे हाती द्यावेत, मग खाते. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः बचत खाते चालवू देण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली आहे. तोवर घरात एक वही पुरे: कोणी किती दिले, कशासाठी ठेवले. घरखर्चाला त्यातले काही घ्यावे लागले, तर तेही मुलासमोर तिथेच लिहावे, आणि परत करण्याची तारीखही.