परतणाऱ्याचे गाव

पाप सोडणे ही पाप्याची जबाबदारी आहे, याविषयी दुमत नाही. पाप सोडून आलेल्याला पाय टेकण्यापुरती जागा देणे ही कुणाची जबाबदारी, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. जपानमधील संघटित गुन्हेगारीचा इतिहास हा प्रश्न टाळू देत नाही.

तेथील टोळीवाल्यांना ‘याकुझा’ म्हणतात. हा शब्द पत्त्यांच्या जुगारातून आला. आठ, नऊ आणि तीन अशी पाने हाती आली की बेरीज वीस होते आणि त्या खेळात तिचे मोल शून्य ठरते. जुगारी आणि जत्रांतून माल विकणारे फेरीवाले हे या टोळ्यांचे पूर्वज. १९१५ मध्ये कोबे बंदरातील मजुरांमधून उभी राहिलेली ‘यामागुची-गुमी’ पुढे देशातील सर्वांत मोठी टोळी झाली. १९६३ च्या सुमारास पोलिसांच्या हिशेबी सर्व टोळ्यांचे मिळून सुमारे १,८४,००० लोक होते.

त्यांच्या कमाईचे मार्ग अनेक : दुकानदारांकडून ‘संरक्षणा’च्या नावाखाली घेतलेली खंडणी, जुगार, अमली पदार्थ, बेकायदा सावकारी. भागधारकांच्या सभेत गोंधळ घालण्याची भीती दाखवून कंपन्यांकडून पैसा उकळणाऱ्यांचा तर तेथे एक स्वतंत्र वर्गच होता. १९९७ मध्ये नामांकित बँक आणि दलाली संस्था अशांना पैसा पुरवताना उघड्या पडल्या. हरामाचा बाजार केवळ घेणाऱ्यांवर चालत नाही. देणारे सभ्य हातही त्याला लागतात.

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात भूकंप झाला आणि सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. तेव्हा याच यामागुची-गुमीने लोकांना अन्न-पाणी वाटले. भुकेल्याने ते घेतले यात त्याचा दोष नाही. पण लुटीच्या पैशातून केलेले दान लुटीला पवित्र करत नाही. तो पैसा मुळात ज्याचा, त्याला तो परत मिळालेला नसतो. अल्लाह पवित्र आहे आणि पवित्र तेच स्वीकारतो, ही आपली शिकवण येथे स्पष्ट निकाल देते.

या टोळ्यांविरुद्धचा विशेष कायदा १९९२ मध्ये अमलात आला. २०११ पर्यंत सर्व प्रांतांत असे नियम झाले की टोळीला आर्थिक लाभ पोहोचवणारा सामान्य व्यावसायिकही कारवाईस पात्र ठरावा. लाच घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही, व्याज खाणाऱ्याबरोबर देणाऱ्याला, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदारालाही दोषी मानणाऱ्या शरीअतच्या अनुयायांना यातील न्याय समजावून सांगावा लागत नाही. परिणामही दिसला. २०२४ अखेर टोळीवाल्यांची संख्या सुमारे १८,८०० वर आली.

येथवर सारे योग्यच झाले. परंतु टोळी सोडणाऱ्यालाही साधारणपणे पाच वर्षे टोळीवालाच समजले जाते. बँक त्याचे खाते उघडत नाही. खाते नाही म्हणून पगार घेता येत नाही, घर भाड्याने मिळत नाही, फोनचा करार होत नाही. या नियमाला कारण आहे. टोळी सोडल्याचे नाटक करून आतून तेच धंदे चालवणारे लोक निघाले. ज्याचे दुकान खंडणीने बुडाले, त्याने त्या माणसावर लगेच विश्वास ठेवावा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणूनच उलेमांनी तौबेत दोन हक्क वेगळे केले आहेत. अल्लाहच्या हक्कात चूक झाली असेल तर पाप सोडावे, पश्चात्ताप करावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. माणसांचा हक्क बुडवला असेल तर तो परत करावा किंवा क्षमा मिळवावी. ही चौथी अट कुणालाही माफ नाही. पण परतफेड करायची तर कमाई हवी आणि कमाई हलाल हवी. हलाल कमाईचे सर्व रस्ते बंद करून ‘लोकांचे देणे फेड’ असे सांगणे, म्हणजे हात बांधून पोहायला सांगणे होय.

सहीह मुस्लिममधील एक हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. नव्व्याण्णव खून केलेला माणूस एका संन्याशाकडे गेला. ‘तुला तौबा नाही’ असे उत्तर मिळताच त्याने त्यालाही मारले. मग तो एका जाणत्या आलिमकडे गेला. आलिमने तौबेचे दार उघडे असल्याचे सांगितले. शिवाय आपली भूमी सोडून सज्जनांच्या अमुक गावी जा, असेही सांगितले. वाटेतच त्याला मृत्यू आला. अंतर मोजले गेले. तो सज्जनांच्या गावाला वीतभर जवळ निघाला आणि क्षमेस पात्र ठरला.

आपण या हदीसमध्ये अल्लाहची दया पाहतो आणि ते योग्यच आहे. पण त्या गावाकडेही पाहावे. तौबेला मनातील पश्चात्तापाबरोबर एक गावही लागते. बंद दाराने त्या खुन्याला थांबवले नव्हते. शंभरावा बळी दारावरच पडला. जपानमध्येही टोळ्या आटल्या, पण अनोळखी माणसांना तात्पुरते जमवून फसवणूक आणि दरोडे घालणारे नवे, विस्कळीत गट वाढले. ज्याला कुणी नोकरी देत नाही, त्याला असे गट लगेच काम देतात. हे ओळखून तेथील पोलिसांनी २०२२ पासून, टोळी सोडून नोकरी धरणाऱ्यांना बँक खाते मिळावे यासाठी साहाय्य सुरू केले.

तेव्हा निर्णय असा करावा : विश्वास हा कमवायचा असतो. तिजोरीच्या किल्ल्या आज मागण्याचा अधिकार परतणाऱ्याला नाही. त्याच्यावर लक्ष ठेवण्यात अन्याय नाही. मात्र भाकर, निवारा आणि घामाची मजुरी यांना विश्वासाची अट लावता येत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतही कुणी तुरुंगातून, कुणी जुगाराच्या अड्ड्यावरून परततो. तो मशिदीच्या शेवटच्या सफीत उभा राहतो, तेव्हा शेजारचे खांदे जवळ येतात की आक्रसतात? आपण सारेच कोणत्या ना कोणत्या पापातून परतत आहोत. परतणाऱ्याला जवळ करणारे गाव होण्याची बुद्धी अल्लाह आपणांस देवो. आमीन.