अंगी लागणं

"मामा, किती खाल्लं म्हणजे दंड भरतात?"

सुट्टीला कोल्हापूरला आलेला भाचा रोज सकाळी हेच विचारायचा. वय 16, उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त आणि वजन 48 किलो. आजीच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप काढून तो दंडाला गुंडाळायचा, श्वास रोखून आकडा बघायचा आणि मग पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायचा. ऐन मे महिन्यात. शाळेत पोरं त्याला काय म्हणत असतील, हे मला त्या शर्टावरूनच कळलं.

आई त्याच्या ताटात तिसरी भाकरी वाढताना म्हणायची, "खातंय बिचारं, पण अंगी लागंना." हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो, पण त्याचा अर्थ या पोरामुळं नीट कळला. पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हे आपल्या बायाबापड्यांना कधीपासून ठाऊक आहे.

एका संध्याकाळी त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. म्हैस समोर उभी, धार काढणं चाललेलं, ग्लासावर बोटभर फेस. त्यानं एका दमात ग्लास रिकामा केला आणि खाली ठेवताना त्याचा हात नकळत दंडाकडे गेला. मला भरून आलं. केवढी घाई असते त्या वयात!

त्या ग्लासात सुमारे 8 ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात 6, मूठभर शेंगदाण्यांत साधारण 7. व्यायाम करणाऱ्या, त्याच्या वजनाच्या मुलाला दिवसाकाठी 60 ते 75 ग्रॅम पुरतात. दूध, दही, आमटी, मोड आलेली मटकी, अंडी, शेंगदाण्याची चटणी अशी सगळी मिळून ती घरच्या ताटात जमतात, त्यासाठी महागडा डबा आणावा लागत नाही. पण प्रथिनांच्या नादात भाकरी-भात सोडला, तर शरीर तीच प्रथिनं सरपण म्हणून जाळतं. घर बांधायला आणलेली सागवानी तुळई चुलीत घालावी, तसं होतं ते. आणि बारीक मुलाला तर भाकरी थोडी जास्तच हवी, कारण वाढत्या अंगाचा रोजचा खर्चच मोठा असतो. या वयात हाडं आधी लांबतात, मांस मागाहून भरतं. म्हणजे त्याच्यात काही उणं नव्हतं. त्याचं शरीर आपल्या क्रमानं चाललं होतं.

तालमीत या आहाराला खुराक म्हणतात, पण खुराक कधी एकटा येत नाही. पहाटेची मेहनत, जोर-बैठका, मग कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, पोटभर जेवण आणि दुपारची गाढ झोप. मेहनतीनं स्नायूवर ताण येतो आणि त्याची डागडुजी विश्रांतीत होते. वस्ताद म्हणून तर पोराच्या झोपेवरही लक्ष ठेवतो. मेहनत, अन्न आणि झोप यांतलं एक जरी चुकलं, तरी बाकीचं अंगी लागत नाही.

दूध कट्ट्यावरून परत येताना त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात खेळला आणि सहावा आला. 1952 साली हेलसिंकीत 57 किलो गटात त्यानं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोन गटांमधला फरक 5 किलोंचा, आणि मधे 4 वर्षं. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "म्हणजे खाशाबा पण बारीकच होते?"

"लहान चणीचे होते," मी म्हटलं, "पण जे खाल्लं, जे शिकले, ते सगळं अंगी लावलं त्यांनी."

घरी आल्यावर टेप खणात परत ठेवली आणि त्याला सांगितलं, "आता दिवाळीला मोज. तोवर रोज जोर मार, पोटभर जेव आणि दहाला झोप."

रात्री पडल्या पडल्या वाटलं, आपणही दिवसभर किती काय आत घेत असतो. वाचतो, ऐकतो, थोरांचे चार शब्द कानावर घेतो आणि लगेच दंड चाचपून बघतो. काही फरक दिसला नाही की निराश होतो. घेतलेल्याला थोडी मेहनत आणि थोडा निवांतपणा मिळू द्यावा. ते दिसत नसतं तेव्हाही अंगी लागत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात न्याहारीला आला. आईनं काही न बोलता भाकरी वाढली.