सूर एक, सतरंज्या दोन

संगीतास धर्म नसतो, हे वाक्य संगीतसभेच्या प्रास्ताविकात हमखास ऐकू येते. बोलणारा ते सद्भावनेने बोलतो, ऐकणारे माना डोलावतात, आणि तानपुरे जुळेपर्यंत सभागृहात एक सुखद समाधान पसरते. आम्हांस मात्र या वाक्याविषयी पूर्वीपासून शंका आहे. अभंगाला विठ्ठल आहे, कव्वालीला पैगंबर आणि पीर आहेत, चर्चमधील समूहगीताला ख्रिस्त आहे. हे सारे वजा केले तर जी स्वररचना उरते ती सुंदर असेल. पण ज्याने ती रचली त्याच्या लेखी तेवढेच म्हणजे गाणे नव्हते. तेव्हा संगीतास धर्म असतो हे आधी मान्य करावे आणि मग खऱ्या प्रश्नाकडे वळावे. ज्याची श्रद्धा आपली नाही त्याचे गाणे आपण कोणत्या नात्याने ऐकतो? आणि एकत्र गाण्याने किंवा ऐकण्याने माणसे एकमेकांचे काही देणे लागतात की नाही?

या प्रश्नाचा विचार करण्यास तंजावरसारखे दुसरे स्थळ नाही, असे आमचे मत झाले आहे. बडोदेकरांना तंजावर तसे परके नाही. १८८० मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांचा पहिला विवाह तंजावरच्या राजघराण्यातील कन्येशी झाला. पहिल्या चिमणाबाई त्या याच. त्यांच्यासोबत तेथील नर्तकी आणि वादक या नगरीत आले आणि भरतनाट्य बडोद्यास उतरले. ‘तंजोरकर’ हे आडनाव आपल्या कानांना त्यामुळेच ओळखीचे आहे. परंतु तंजावरच्या भोसले दरबारात संगीताचा आणखी एक प्रवाह वाहत होता, त्याची वार्ता आपल्या पिढीपर्यंत फारशी पोचली नाही. तो प्रवाह ल्यूथरन चर्चचा.

ल्यूथरन पंथात संगीताचे स्थान काय, हे थोडे सांगितले पाहिजे. मार्टिन ल्यूथर यांनी धर्मविद्येच्या खालोखाल मान संगीतास दिला. त्यांच्या आधी उपासनेतील गायन मुख्यतः लॅटिनमध्ये आणि धर्मगुरू व गायकवृंद यांच्याकडे असे. ल्यूथर यांनी ते जर्मन भाषेत आणून बाकावर बसलेल्या सुताराच्या, कासाराच्या आणि त्यांच्या बायकामुलांच्या तोंडी दिले. १५२४ मध्ये या गीतांचा पहिला छापील संग्रह निघाला, त्यात अवघी आठ गीते होती. आपल्या वारकरी दिंडीत प्रत्येकाच्या हाती टाळ असतो, त्याच जातीची ही कल्पना. पुढे या चर्चांतून उपासनेव्यतिरिक्त गावासाठी संगीतसभाही होऊ लागल्या. ल्यूबेक नगरीतील मारियन चर्चमध्ये १६६८ पासून ऑर्गनवादक असलेले बुक्स्टेहुडे नाताळापूर्वीच्या काही रविवारी अशा सभा घडवीत. खर्च शहरातील व्यापारी करीत आणि प्रवेश विनामूल्य असे. त्यांची कीर्ती ऐकून १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख सुमारे चारशे किलोमीटर अंतर पायी तोडून तेथे गेला. चार आठवड्यांची रजा घेतली होती, परतला तो काही महिन्यांनी. (रजा वाढवून घेण्याची ही तऱ्हा आमच्या खात्यातही अपरिचित नव्हती, फरक एवढाच की परत आल्यावर कोणी बाख झालेला आढळला नाही.)

हाच पंथ १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे उतरला. ती भूमी डेन लोकांना तंजावरच्या नायक राजाकडून मिळालेली, आणि तंजावर राज्याला लागूनच, किंबहुना त्याच्या अंगणातच होती. आरंभीच्या मिशनऱ्यांनी जर्मन गीतांची तमिळ भाषांतरे केली आणि चाली जर्मनच ठेवल्या. १७५० मध्ये आलेले ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्स हे त्यांतील सर्वांत मोठे नाव. त्यांनी तमिळ आत्मसात केली, आणि दरबाराशी थेट बोलता यावे म्हणून मराठीही शिकून घेतली. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये अखेरच्या आजारात दत्तक घेतलेल्या सरफोजींना याच वृद्ध पाद्र्याच्या हाती सोपविले. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर बसले. त्याच वर्षी श्वार्ट्स वारले. गुरूवर इतकी निष्ठा असूनही सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये भोसल्यांच्या वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरविणारे ते हेच.

श्वार्ट्स यांचा दुसरा शिष्य होता वेदनायकम् शास्त्री. जन्म १७७४, तिरुनेलवेलीकडचा. लहानपणीच श्वार्ट्स त्यांना तंजावरला घेऊन आले. राजा आणि कवी असे हे दोन गुरुबंधू. जर्मन चालींत बसविलेल्या तमिळ गीतांनी वेदनायकम् यांचे समाधान झाले नाही. त्यांनी कर्नाटक रागांत ख्रिस्ती कीर्तने रचली, आणि मंदिरातील नृत्यनाट्याचा ‘कुरवंजी’ हा प्रकार घेऊन १८०० मध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. गंमत अशी की, तिकडे सरफोजी राजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाची मराठी रचना आहे, आणि तिच्यात भविष्य सांगणारी कुरव स्त्री जगाचा भूगोल सांगते! एकाच गुरूकडे शिकलेल्या दोघांनी एकाच साच्यात, एकाने ख्रिस्तकथा आणि दुसऱ्याने भूगोल ओतला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कुरवंजीला अधिक जागा मिळावयास हवी होती, हे जाता जाता नोंदवितो.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सर्व सांगितले. परंपरा अशी सांगते की, राजांनी एकदा वेदनायकम् यांना गणेशस्तुती रचण्यास सांगितले. मोठी मागणी नव्हती. कोणत्याही रचनेच्या आरंभी गणेशवंदन असावे हा तर साहित्याचा शिष्टाचार. दरबारी कवीने तो पाळावयाचा. वेदनायकम् यांनी नकार दिला. माझी वाणी एकाच देवास वाहिलेली आहे, असा त्या नकाराचा आशय. राजांनी तो ऐकून घेतला, आणि दोघांचा स्नेह तुटला नाही.

आम्ही या कथेचा पुष्कळ विचार केला. संगीतास धर्म नसतो असे मानणारा राजा येथे रागावला असता, कारण त्याच्या दृष्टीने कवीचा नकार हा निव्वळ हटवादीपणा ठरतो: सूर ते सूर, गणपतीचे काय आणि ख्रिस्ताचे काय! संगीतास धर्म असतो हे जाणणाऱ्या राजालाच तो नकार समजू शकला. ज्याचे गाणे ऐकावयाचे त्याच्या श्रद्धेला आपल्या सोयीसाठी पातळ करावयाचे नाही, हा ऐकणाऱ्याचा पहिला धर्म. नाताळात चर्चमधील समूहगायन ऐकण्यास जाणारे, किंवा दर्ग्यावर कव्वालीस बसणारे आपल्यापैकी पुष्कळ असतात. तेथे आपण पाहुणे असतो. पाहुण्याने यजमानाच्या देवघरात आपले देव मांडावयाचे नसतात आणि ‘हे आमच्यासारखेच आहे’ असे म्हणून कौतुक करण्याची घाईही करावयाची नसते.

इथपर्यंत कथा सुखाची आहे, आणि व्याख्याने सहसा इथेच थांबतात. पुढचा भाग अवघड आहे.

ल्यूथरन मंडळींच्या त्या चर्चमध्ये वेल्लाळ आदी वरच्या जातींचे ख्रिस्ती एका बाजूस बसत आणि परैयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस. श्वार्ट्स यांना हे रुचत नव्हते, पण काळाच्या ओघात हा भेद मावळेल अशा आशेने त्यांनी ते चालू दिले. पुढच्या पिढीचे मिशनरी इंग्रजी संस्थेच्या कडक शिस्तीचे होते. त्यांनी एकत्र बसणे आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणे सक्तीचे करू पाहिले. वेदनायकम् वेल्लाळ होते. १८२९ मध्ये त्यांनी या पाद्र्यांविरुद्ध लिहिलेल्या तक्रारीत चार गाऱ्हाणी आहेत: पवित्र ग्रंथाचे जुने तमिळ भाषांतर बदलले, जाती बळाने एक केल्या, विवाहांत आणि अंत्यविधींत फुले वापरण्यास बंदी केली, आणि चर्चमधील तमिळ गायन बंद पाडले.

ही चार गाऱ्हाणी एका दमात वाचताना मन अडखळते. भाषांतर, फुले आणि गाणे यांबाबत आपण कवीच्या बाजूने उभे राहतो. परक्याने येऊन आपल्या तोंडचे गाणे काढून घ्यावे हा अन्यायच. पण त्याच कागदावर, त्याच शाईने, शेजारी बसण्यास नकार लिहिलेला आहे. उलट पाद्र्यांकडे पाहावे, तर सतरंजी एक करणारे तेच आणि सूर हिरावणारेही तेच. न्याय अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे. मिशनच्या कामातून दूर झालेल्या वेदनायकम् यांना सरफोजी राजांनी दरबारात आश्रय दिला, आणि येथे राजांच्या औदार्याकडेही दोन बाजूंनी पाहावे लागते. ज्या उदारतेने त्यांनी गणेशस्तुतीचा नकार पचविला, त्याच उदारतेने त्यांनी जातिभेदाच्या आग्रहासही छत्र दिले. प्रत्येकाच्या रीतीचा मान राखणे हा सद्गुण खरा. पण रीतीखाली एखादा माणूस दबलेला असेल तर तो मान त्याच्या खांद्यावर उभा राहून दिलेला असतो.

आमची हयात सरकारी सेवेत गेली, आणि समारंभात कोणास कोठे बसवावयाचे याचे आराखडे आम्ही संख्येने पुष्कळ केले. अनुभवाने सांगतो, व्यासपीठावर काय गायिले जाते त्यावरून कधी वाद होत नाही. वाद होतो तो खुर्चीवरून. गाणे माणसाकडून काही मागत नाही, निदान लगेच मागत नाही. खुर्ची मागते. पाण्याचे भांडे मागते. म्हणूनच सुरांतील ऐक्य आपण चटकन मान्य करतो.

हे केवळ तंजावरच्या ख्रिस्ती मंडळींचे दुखणे नव्हे. चोखोबांचे अभंग पंढरीच्या राऊळात शतकानुशतके गायिले गेले आणि चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी राहिली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये ते दार त्यांच्या ज्ञातिबांधवांना उघडले. म्हणजे गाणे आत आणि गाणाऱ्याचे वंशज बाहेर, हा व्यवहार टाळमृदंगाच्या गजरातही कोणास बेसूर वाटला नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना आठवेल की, १८९५ मध्ये रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्या काही काळ आपले सोवळेओवळे सांभाळूनच होत्या. चर्चमध्ये मराठी भजने आणि कीर्तन आणणाऱ्या कवीच्या घरातही सर्वांत मोठी लढाई सुरांची झाली नाही, स्वयंपाकघराची झाली.

आणि बडोदे? १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली ज्या नगरीत गायनशाळा निघाली, तिचा अभिमान आपण योग्यच बाळगतो. १९१६ च्या मार्च महिन्यात पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नाने आणि महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच नगरीत भरली. हिंदू पंडित आणि मुसलमान उस्ताद एका छताखाली बसले. त्यानंतर पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती. १९१७ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि त्यांना राहण्यास या गावात कोणी खोली दिली नाही. पारशी विश्रामगृहातूनही बाहेर पडावे लागल्यावर त्यांनी ते तास कमाटीबागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या परिषदेस दाद देणाऱ्या नागरिकांपैकी किती घरांची दारे तेव्हा बंद राहिली असतील? आपल्या वाडवडिलांची घरे त्यांत होती की नव्हती, हा प्रश्न दांडिया बाजार, रावपुरा आणि बाबाजीपुरा येथील जुन्या घराण्यांनी इतरांवर ढकलू नये. महाराजांची इच्छा एक आणि गावाची दुसरी, असे म्हणून आपण सुटतो. परंतु गाव म्हणजे आपणच होतो.

यावरून संगीत निरुपयोगी ठरते का? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारणही तंजावरच्या पुढील इतिहासातच सापडते. १८३३ मध्ये इंग्रज बिशप विल्सन यांनी जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडण्याची आज्ञा काढली, तेव्हा तंजावरच्या वरच्या जातींतील अनेकांनी ते चर्च सोडले. पुढे १८४० पासून जर्मनीतील लाइपझिगचे मिशन येथे कार्य करू लागले. जातीच्या बाबतीत त्याचे धोरण सौम्य होते, म्हणून यांतील बरेच जण तिकडे गेले. बाखने ज्या लाइपझिगमध्ये १७२३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, दर रविवारचे संगीत सांभाळले, त्या गावचे नाव शेवटी तंजावरात वेगळ्या सतरंजीची सोय म्हणून आले. पण गाण्यांना ही विभागणी पाळता आली नाही. वेदनायकम् १८६४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी वारले. त्यांची कीर्तने ल्यूथरन आणि अँग्लिकन दोन्ही मंडळ्यांत शिरली, जर्मन चालींच्या जुन्या गीतांशेजारी छापली गेली, आणि तमिळनाडूच्या चर्चांत आजही उपासनेत गायिली जातात. ज्यांच्या शेजारी बसण्यास कवीचा विरोध होता, त्या परैयर आदी जातींतून आलेल्या कुटुंबांची संख्या या मंडळ्यांत मोठी आहे, आणि रविवारी ती कीर्तने त्यांच्याच कंठांतून उमटतात.