वेदना आणि सोबत



भेडाघाटला धुवांधार धबधब्याजवळ एक लहान मुलगी ओल्या पायरीवर घसरली. गुडघा फुटला. आईने तिला उराशी धरले. जखम होती तशीच राहिली, पण रडणे ओसरले. मग कमी झाले ते काय? संगमरवरी कड्यांतून वाहणाऱ्या नर्मदेकडे पाहताना हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला.

शरीरशास्त्र याचे अंशतः उत्तर देते. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात तयार होते. पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली नोंदविले. 'ऑक्सिटोसिन' या नावाचा अर्थच 'शीघ्र प्रसूती'. प्रेमळ स्पर्शानेही ते स्रवू शकते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, मेंदूतून मज्जारज्जूत उतरणारे त्याचे तंतू वेदनेचा संदेश वाटेतच मंद करतात. प्रसूतीच्या कळा आणणारेच द्रव्य वेदना शमविण्यासही हातभार लावते! मात्र माणसांना ते नाकावाटे देऊन केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

मग आईची माया म्हणजे केवळ रसायन काय? भाषांतरकार म्हणून मी एवढेच म्हणेन की, शाईवाचून शब्द वाचता येत नाही, तरी शब्द म्हणजे शाई नव्हे. इब्री भाषेत गर्भाशयाला 'रेहेम' म्हणतात आणि करुणेला 'रहमीम'. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. करुणेला देह असतो, हे त्या भाषेला केव्हाच ठाऊक होते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. तरुणपणी माझी पत्नी प्रसववेदनांनी तळमळत असता मी दाराबाहेर बसून उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाने स्वतःचे समाधान केले: हे तर ठरलेलेच आहे. पुढे तोच अध्याय अभ्यासताना मी थबकलो. स्त्रीच्या वेदनेसाठी आलेला 'इत्सावोन' हा शब्दच पुढच्या वचनात आदामाच्या शेतातील कष्टांसाठी येतो. शेतकऱ्याच्या हातातील नांगर आपण कधी पाप मानला नाही. मग बाळंतिणीच्या औषधाला हरकत का? १८४७ साली प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरणाऱ्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनीही मूळ इब्री शब्दाकडे बोट दाखवून धार्मिक आक्षेपांना उत्तर दिले होते. शास्त्रवचन माझ्या बाजूने नव्हते. मी केवळ त्याच्या आडोशाला बसलो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रत्येक स्त्रीला प्रसूतीत तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. सोबतीने औषधाची गरज संपत नाही. पण औषध दिले म्हणून आपले कर्तव्यही संपत नाही.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या दुखणाइताच्या उशाशी बसाल तेव्हा 'देवाची इच्छा' हे शब्द ओठांवर येण्याआधी औषध मिळाले का ते विचारा, आणि त्याची इच्छा असेल तर त्याचा हात हाती घ्या. प्रभूने कुष्ठरोग्याला बरे केले ते हात लावून; केवळ शब्दानेही ते झाले असते.